खटल्यापुरती किल्ली

फाइल फुटल्याचं कळलं आणि कुलूपताई कचेरीतून धावतच निघाली. साक्षीदारांना लपवून ठेवणाऱ्या कचेरीत ती संगणकातल्या कागदांना कुलपं घालायची, म्हणून हे नाव. कुलपं आकड्यांची. किल्ली जितकी लांब, तितकी ती शोधायला चोराला जास्त वर्षं लागणार.

इस्त्रीवाल्या मावशीचा नवा पत्ता कुलपात घालायचा होता, तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, “खटला किती चालेल?”

“फार तर दहा वर्षं.”

“मग तेवढी टिकेल अशी घाल. लांब किल्ली घातली की आपली यंत्रं रडतात. फाइल उघडेपर्यंत माझा चहा गार होतो.”

सगळे हसले. तीही हसली आणि आखूड किल्ली घालून मोकळी झाली.

पुढं त्या फाइलची नक्कल चोरीला गेली. “नेईनात का, कुलूपबंद आहे,” साहेब म्हणाले. ताईनं लगबगीनं लांब किल्ली घातली खरी, पण कचेरीतल्या फाइलला. चोरांकडच्या नकलेला जुनीच राहिली. यंत्रं वेगवान व्हायची वाट बघत ते नक्कल कवटाळून बसले. मावशीच्या साक्षीनं एकाला जन्मठेप झाली, खटला संपला. त्याचे भाऊ मात्र मोकळेच होते, आणि नक्कल त्यांच्याकडंच होती.

ताई धापा टाकत मावशीच्या खोलीत शिरली. “मावशी, आवरा. आत्ताच्या आत्ता निघायचं.”

मावशीनं इस्त्री उभी केली. “का गं बाई? तूच म्हणाली होतीस ना, तुझं कुलूप कुणाच्या बापाला उघडणार नाही?”

“उघडलं, मावशी. किल्ली आखूड पडली. खटला संपेपर्यंत पुरेल एवढीच धरली होती मी.”

“आणि खटला संपल्यावर आम्ही काय मरणार होतो?”

ताईनं खुंटीवरची पिशवी काढून तिच्यापुढं धरली.

“बरं, चल. पोरीला शाळेतून घेऊ, मग कुठं न्यायचं तिथं ने.” मावशी चपला शोधू लागली.

ताईनं शाळेत फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, “तिला मघाशीच घेऊन गेले की. काका आले होते.”

मावशीला दीर नव्हता.

“काय म्हणतात गं?” मावशीनं दारातून विचारलं. एक चप्पल पायात होती, दुसरी हातात.