दिसायचं नाही, सापडायचं

मी बुटक्या बोलतोय. कागदोपत्री माझं नाव प्लॅटफॉर्म. पण त्या नावानं हाक मारणाऱ्यांनी माझे कधी लाड केले नाहीत, तेव्हा ते राहू द्या. मी गोल, पांढरा, प्लास्टिकचा, जेमतेम ताटाएवढा. खाली एकच पाय आणि त्याला जड बूड. झालं, एवढाच माझा थाट!

माझं काम ऐकाल तर हसाल. एका प्रयोगशाळेत मोठा गोल हौद होता. त्यात पाणी भरायचं, दुधाची पावडर कालवून ते गढूळ करायचं आणि मला बोटभर खोल दडवून ठेवायचं. मग एक उंदीर सोडायचा. उंदरांना पोहता येतं हो, पण आवडत मुळीच नाही. बिचारा टेकायला जागा शोधत सुटायचा. ती जागा म्हणजे मी. दिसायचं नाही, पण सापडायचं, अशी माझी नोकरी.

पहिल्या दिवशी उंदीर कडेकडेनं नुसता भिरभिरायचा. भिंतींवर एक काळा त्रिकोण होता, एक चांदणी होती, एक पट्ट्यापट्ट्यांचं चित्र होतं. ते बघून बघून त्याच्या डोक्यात खोलीचा नकाशा तयार व्हायचा. मग त्याला कुठूनही सोडा, पठ्ठ्या सरळ माझ्याकडे! चार ओले पाय अंगावर चढले की काय बरं वाटायचं म्हणून सांगू! आपली कुणाला तरी गरज आहे, याहून दुसरं सुख नाही.

हे सगळं ताईचं काम. ताई तिथं संशोधन करायची. गुडघ्यापर्यंत पिवळाधमक रबरी एप्रन घालायची आणि हातात टॉवेल घेऊन उभी राहायची. उंदीर चढला रे चढला की, "आलास का रे सोन्या! दमलास ना?" म्हणत त्याला पुसायची. मला बुटक्या हे नाव तिनंच ठेवलं.

मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग असतो. जागांचे नकाशे तिथं तयार होतात. ताईच्या काही उंदरांचा तो भाग गुंगी देऊन निकामी केलेला होता. माझ्यावर छोटा झेंडा लावला की ते उंदीर झेंड्याकडे पाहून यायचे, कारण समोरच्या खुणेमागं जायची सवय मेंदूचा दुसरा भाग लावतो. झेंडा काढला की हरवायचे. ते गोल गोल फिरताना माझ्या पोटात तुटायचं. आता मला पोट नाही, पण तुटायचं.

ताईलाही ते बघवायचं नाही, कारण तिच्या घरात तेच चाललं होतं. आबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, मेंदूज्वर झाला होता. जीव वाचला, पण नवीन काही डोक्यात टिकेना. जुनं गाव, जुने मित्र तोंडपाठ. पण आजारानंतर ज्या घरात राहायला आले, त्या घराची वाट काही केल्या लक्षात राहत नव्हती. संध्याकाळी फिरायला जायची आयुष्यभराची सवय. निघायचे आणि हरवायचे.

एके दिवशी हौदापाशी उभं राहून ताई फोनवर भावाशी भांडली.

"दादा, माणूस आहेत ते! कोंबडी आहे का खुराड्यात कोंडायला?"

"मग मी काय करू?" दादाचा आवाज पार माझ्यापर्यंत येत होता. "परत पोलिसांनी आणून सोडलं. उद्या गाडीखाली आले म्हणजे? मी कुलूप आणलंय. बाहेरून लावणार."

"थोडं थांब रे. माझ्यासाठी थांब."

आणि त्याच दिवसांत निळ्यानं कमाल केली. निळ्या म्हणजे शेपटीवर निळी खूण केलेला उंदीर. त्याचा हिप्पोकॅम्पस निकामी, माझ्यावर झेंडा नाही, तरी गडी पोहत पोहत थेट माझ्यावर! रोज! ताईच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "ऑपरेशन नीट झालंय ना गं?" पुसता पुसता ताईनं निळ्याला गालाशी धरलं आणि म्हणाली, "तू शिकलास म्हणजे आबाही शिकतील." त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

मग एका दुपारी ताई आलीच नाही. आबा परत हरवले होते. तिच्या जागी चष्मेवाला सहकारी टॉवेल घेऊन आला आणि हौदाच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला. निळ्याला सोडलं. निळ्या निघाला तो तडक चष्मेवाल्याकडे! काठ ओरबाडायला लागला. "अरे वेड्या, इकडे, इकडे!" मी तळमळत होतो, पण बुडालेल्याचं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी ताईला हे कळलं आणि ती आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली. रोज ती एकाच जागी, माझ्या बरोब्बर मागच्या कोपऱ्यात उभी राहायची. निळ्याला माझी जागा कधी कळलीच नव्हती. तो टॉवेलवालीकडे यायचा आणि वाटेत मी लागायचो.

"मी झेंडा काढला म्हणत होते," ती म्हणाली, "आणि झेंडा मीच होते."

केलेलं सगळं काम वाया गेलं. ताई रडली. मॅडम रागावल्या नाहीत; ताई उंदरांना दिसू नये म्हणून त्यांनी पडदा लावून घेतला आणि सगळं नव्यानं करायला सांगितलं. पडद्याआडून सोडलेला निळ्या खरंच हरवला. मग ताईनं माझ्यावर झेंडा लावला, तसा आला. त्याला पुसताना ती एकदम थांबली, डोळे पुसले आणि फोन लावला.

"दादा, आबांना रस्ता शिकवायचाच नाही. त्यांना खूण द्यायची."

पुढं प्रयोगशाळेत यंत्रानं वरखाली होणारा माझा नवा भाऊबंद आला आणि मी भंगारात निघालो. ताईनं मला पिशवीत घातलं आणि घरी आणलं. तिचा जुना एप्रनही बरोबर होता. तेव्हापासून मी यांच्या फाटकाच्या आत, दारापाशी असतो.

ताई रोज तो पिवळा एप्रन घालून फाटकाशी उभी राहायची आणि दादा आबांना कधी गल्लीच्या या टोकावरून, कधी त्या टोकावरून सोडायचा. कुरकुरायचा, "बापाला उंदीर केलंस!" पण यायचा. पुढं ताई आत आणि एप्रन एकटाच फाटकावर. आबा येऊ लागले. मग शेजारच्या काकूंनी पिवळी चादर वाळत घातली आणि आबा त्यांच्या सोफ्यावर जाऊन चहा पिऊन आले! आबांना कोंडायला दादानं लगेच कुलूप बाहेर काढलं. काकूच मध्ये पडल्या, "अहो, चादर चुकली, माणूस नाही. मी हिरवी घालते, पण त्यांना कोंडू नका."

काल आबा पहिल्यांदा एकटे गेले. एकटे म्हणजे, दादा मागून लपतछपत होताच. ताई दारामागं नखं खात उभी. मीही श्वास रोखला होता, नसलेला. बऱ्याच वेळानं फाटक वाजलं. आबा आत आले, माझ्यावर टेकले आणि चपला काढू लागले.

"कुणाचं गं हे घर?" त्यांनी ताईला विचारलं. "मी काही इकडं कधी आलो नाही. पाय आपले वळले."

"तुमचंच आहे, आबा."

"असं होय? बरं आहे की!"

दादा मागून आला. दारामागच्या खिळ्याला टांगलेलं ते कुलूप त्यानं घेतलं आणि आपल्या सायकलीला लावलं.

लोकहो, तुमच्या घरी कुणी वाट विसरत असेल, तर कडी घालण्याआधी एकदा खूण लावून बघा. जमेलच असं नाही. आमचंही उद्या काय होईल, मला ठाऊक नाही. पण जन्मभर मी पाण्याखाली दडून राहिलो, आता मी दारात उघडा बसलोय आणि मला कुणी शोधावं लागत नाही. आबा घामाघूम होऊन माझ्यावर बसले होते. ताई आतून टॉवेल घेऊन आली आणि त्यांचं कपाळ पुसत म्हणाली, "आलात का हो आबा? दमलात ना?"