चिझुरुबाईंच्या बाहीतला काटा

मी एक जुना काटा आहे. गुलाबाचा नव्हे, घड्याळाचा नव्हे आणि माशातला तर मुळीच नव्हे. मी आपला जेवायचा काटा, चमच्याचा भाऊ. माझा जन्म जपानातला, आणि सगळं आयुष्यही तिथेच गेलं. जिथे लहानथोर सगळे दोन काड्यांनी जेवतात, तिथे एका काट्याच्या जिवाला किती घोर असेल, याची कल्पना तुम्हीच करा, मित्रांनो.

त्सुबामे गावातल्या एका कारखान्यात मला पोलादाच्या पत्र्यातून कापलं. दाते पाडले. मग एका म्हाताऱ्या कारागिराने मला फिरत्या चाकावर धरून इतकं घासलं की त्याचं नाक माझ्या पाठीत दिसू लागलं. माझ्याबरोबरचे बहुतेक काटे जहाजात बसून परदेशी गेले. मी मात्र गावाकडच्या एका भांड्यांच्या दुकानात धूळ खात पडलो, आणि तिथून मला चिझुरुबाईंनी उचललं.

समुद्राकाठी, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात त्यांचं सहा खोल्यांचं घर होतं. पाहुणे यायचे, झऱ्यात अंघोळ करायचे, जेवायचे, झोपायचे. स्वयंपाक चिझुरुबाईंचे यजमान तोकुजी करायचे. एकदा एका परदेशी पाहुण्याच्या काड्यांतून सगळं निसटत राहिलं. बिचारा लाजून उपाशीच झोपला. दुसऱ्या दिवशी बाई तडक दुकानात आल्या आणि मला घेऊन गेल्या.

तोकुजींना मी पहिल्या दिवसापासून खुपलो. "माझं जेवण टोचून खायचं नसतं," ते म्हणाले. "तो भाला माझ्या डोळ्यांसमोर नको."

म्हणून बाईंनी मला निळ्या फडक्यात गुंडाळलं आणि किमोनोच्या रुंद बाहीत ठेवलं. जेवण वाढून झालं की त्या दाराआड बसून पाहायच्या. काटा आधीच पुढे केला तर पाहुण्याला वाटेल, ही मला अडाणी समजते. नाही केला तर तो उपाशी राहील. दोन्हीकडून पंचाईत. पाहुण्याच्या कपाळावर घाम आला की बाई चहा द्यायच्या निमित्ताने आत जायच्या आणि मला हळूच रुमालाखाली सारायच्या. मला बाहेर काढलं म्हणजे कुणीतरी अडलेलं आहे, हे ठरलेलं. त्यामुळे बाहीतून निघताना दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. हसू नका, काट्याच्याही अंगावर काटा येतो.

परदेशी लोकांच्या आवडीनिवडी माझ्याइतक्या जवळून कुणी पाहिल्या असतील असं मला वाटत नाही. तळलेली कोंबडी ताटात आली की सगळे खूश. पीठ लावून तळलेली कोळंबी, गरम शेवया, वाटीत वाफवलेलं मऊ अंडं, यांच्या वाट्या चाटूनपुसून परत जायच्या. तिच्याच आतड्यांत मुरवलेली माकूळ पाहून मात्र लोक पाणी मागायचे. एका बाईंना अख्ख्या माशाचा डोळा सहन होईना, तर त्यांनी त्याला हिरव्या पानाचं पांघरूण घातलं. आणि सकाळचं नात्तो! आंबवलेलं सोयाबीन, तार सुटणारं, वासाचं. दहातले नऊ जण वाटी नाकाशी नेऊन होती तशी खाली ठेवायचे.

तोकुजींना हे फार लागायचं. परत आलेली प्रत्येक वाटी ते झाकण उचलून पाहायचे. उरलेलं दिसलं की दिवसभर घुम्यासारखे वागायचे. म्हणून चिझुरुबाई काय करायच्या, सांगू? दाराआड बसून पाहुण्यांचं नात्तो स्वतः भराभर खाऊन टाकायच्या आणि रिकाम्या वाट्या आत न्यायच्या. "अहो, बघा. संपवलं की सगळ्यांनी." बाहीतून मला सगळं कळायचं. आता पकडल्या जातील, मग पकडल्या जातील, म्हणून मी धास्तावून असायचो.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. त्या देशात दहनानंतर घरचे लोक काड्यांनी अस्थी उचलतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत देत देत त्या कलशात ठेवतात. म्हणूनच जेवताना एकाच्या काड्यांतला घास दुसऱ्याने आपल्या काड्यांत कधीही घ्यायचा नसतो. चिझुरुबाईंच्या अस्थी त्यांची मुलगी कानाए हिने उचलल्या आणि वडिलांच्या काड्यांत दिल्या. त्यानंतर तोकुजींनी पाहुणे घेणं बंद केलं. मी निळ्या फडक्यात, खणाच्या तळाशी पडून राहिलो. माझ्यावर डाग चढले. कुणी पुसलं नाही. बाईंची आठवण यायची आणि फार एकटं वाटायचं.

मग या वसंतात एका दुपारी खण उघडला. तोकुजींची थोरली बहीण योशिनो मला शोधत होती. तिच्यामागे कानाए उभी होती. मुलीचं लग्न ठरत होतं, दुआर्ते नावाच्या पोर्तुगालच्या माणसाशी. तो ओसाकात भाषा शिकवायचा. संध्याकाळी तो पहिल्यांदा या घरी जेवायला येणार होता.

"आत्या, बाबा एक शब्द बोलत नाहीत," कानाए म्हणाली. "त्यांनी नाही म्हटलं, तर मी लग्न करीनच. पण मग या घरात परत पाऊल टाकवणार नाही."

"नाही म्हणायचं असतं तर त्याने पहाटे बाजारात जाऊन सणासुदीचा लाल मासा आणला असता का?" योशिनो म्हणाली खरी, पण माझ्यावरचा एकच डाग ती पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

योशिनो प्रेमळ होती, पण चिझुरुबाईंची हातोटी तिच्याकडे कुठली! संध्याकाळी तिने मला सरळ दुआर्तेच्या ताटापुढे ठेवलं, सगळ्यांच्या देखत. तोकुजींच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अक्का, उचल तो भाला. जेवायला आलाय तो, शिकारीला नाही."

ती गडबडली. मला उचललं आणि कुठे ठेवू ते न कळून तोकुजींच्याच गुडघ्याशी चटईवर टाकलं. मी तिथे श्वास रोखून पडून राहिलो.

दुआर्ते उंचापुरा होता, पाय दुमडून बसताना त्याची तारांबळ उडत होती. काड्या त्याला बऱ्यापैकी जमत होत्या. कानाएने त्याला काहीही पुढे आलं तरी एकच वाक्य म्हणायला पढवलं होतं. मुरवलेली माकूळ त्याने डोळे मिटून गिळली आणि म्हणाला, "फार छान."

"काय नाही आवडलं?" तोकुजींनी विचारलं.

"सगळं छान."

"सगळं छान म्हणणारा जेवत नाही, परीक्षा देतो," तोकुजी भाताच्या वाटीकडे बघत म्हणाले. कानाएने मान खाली घातली. आता हे बिनसणार, अशी माझी खात्रीच झाली.

मग मासा आला. आणि दुआर्तेचा चेहरा उजळला. तो कोळ्यांच्या गावचा होता. त्याने माशाची पाठ अलगद मोकळी केली, कणा अख्खा उचलून बाजूला ठेवला, एकही काटा मोडला नाही. तोकुजी टक लावून पाहत होते. त्यांच्या कपाळावरची एक आठी सुटली, मी खालून पाहिली. मला जरा धीर आला.

इतक्यात दुआर्तेने माशाचा गाल काढला. अख्ख्या माशातला सगळ्यात गोड तुकडा. तो त्याने काड्यांत धरला, दुसरा हात खाली धरला आणि तोकुजींपुढे केला. तोकुजींच्या हातात त्यांच्या काड्या तशाच उचललेल्या होत्या.

"हे तुम्ही घ्या," तो म्हणाला.

कानाएचा चेहरा पांढराफटक पडला. योशिनोने तोंडाला हात लावला. त्या चार काड्यांमध्ये वीतभर अंतर होतं, आणि तिथे मागचा हिवाळा येऊन बसला होता. दुआर्तेला एवढंच कळलं की आपलं काहीतरी चुकलं. पण काय चुकलं, ते कळेना. हात मागे घ्यावा की तसाच ठेवावा, हेही कळेना. त्याच्या कपाळावर घाम आला. तो घाम मी ओळखतो, मित्रांनो. चिझुरुबाई असत्या तर एव्हाना चहा घेऊन आत आल्या असत्या.

तोकुजींनी आपल्या काड्या खाली ठेवल्या. मला वाटलं, उठले, संपलं. त्यांचा हात गुडघ्याशी आला आणि त्या हाताने मला उचललं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी मला छिन्नीसारखं मुठीत धरलं, पुढे नेलं आणि तो तुकडा माझ्या दात्यांवर घेतला.

"काट्याने चालतं," ते म्हणाले. "काट्याला सुतक नसतं."

त्यांनी तो तुकडा खाल्ला. सावकाश चावला. कानाए रडू लागली आणि रडत रडतच दुआर्तेच्या कानात सगळं सांगू लागली. त्याने चटईला कपाळ टेकवून माफी मागितली.

"जेव," तोकुजी म्हणाले. "मासा निवतोय. गाल मोठ्यांना द्यायचा, हे कुणी शिकवलं?"

"आमच्याकडे आजोबांना देतात."

"हं," तोकुजी म्हणाले. पुढचं सगळं जेवण ते माझ्यानेच जेवले, आणि फार वाईट जेवले. भात सांडला, मुळ्याची फोड उडून योशिनोच्या मांडीवर पडली. पण मला खाली ठेवलं नाही.

एवढं झालं तरी त्यांनी लग्नाला हो म्हटलं नव्हतं. माझी धाकधूक संपली नव्हती. दुआर्ते रात्री तिथेच राहिला. सकाळी नाश्त्याला नात्तोची वाटी आली. दुआर्तेने एक घास घेतला. त्याच्या हनुवटीपासून वाटीपर्यंत तार लोंबली. तो "फार छान" म्हणायला गेला, पण तोंडच उघडेना. कानाएचा हात हळूच चटईवरून सरकत त्याच्या वाटीकडे निघाला. अगदी आईसारखा.

"राहू दे, कानाए," तोकुजी न बघताच म्हणाले. "तुझी आई चोरून खायची. तिच्या बाहीला रोज तार चिकटलेली असायची. मी काय आंधळा होतो?"

मग ते दुआर्तेकडे वळले. "नाही आवडलं तर नाही म्हण. त्यात काय एवढं? तुझ्या सासूलाही आवडायचं नाही."

आता मी खणात नसतो. तोकुजींच्या काड्यांच्या डबीशेजारी माझी जागा आहे. घराचं दार पुन्हा उघडलं आहे आणि उद्या कुणी पाहुणे येणार आहेत म्हणतात. त्यांना काय रुचेल, काय नाही, मला आतापासूनच चिंता लागली आहे. तुमच्याकडे कुणी परका माणूस जेवायला आला, मित्रांनो, तर त्याच्या ताटाकडे बघू नका, त्याच्या कपाळाकडे बघा. आणि माझ्यासारखा एखादा तुमच्या घरी पडला असेल, तर त्याला कोरडा पुसून हाताशी ठेवा. चिझुरुबाई तसंच करायच्या.