पाच नंबरचा पिवळा

मुलगी जन्मली त्या आठवड्यात वेणीमाधवाला सगळं सोलापूर पाण्याखाली गेल्यासारखं वाटत होतं. मिलचा भोंगा लांबून, मऊ होऊन यायचा. गल्लीतल्या मागांची खटखट ऐकू यायची आणि मध्येच कुठंतरी विरून जायची. मार्गशीर्षातल्या त्या सकाळी समाईक अंगणात शेजारच्या तिप्पण्णाच्या घरचं रंगवलेलं सूत दोऱ्यांवर वाळत असे. त्यातून गाळून येणारं ऊन कधी लाल, कधी मोरपंखी. त्या रंगीत उन्हातून वाट काढत तो कामावर जायचा.

मिलच्या रंगखात्यात तो कारकून होता. रंगवलेलं सूत नमुन्याशी जुळतं की नाही हे पाहून वहीत लिहायचं, एवढंच काम. पण एकेक लडी तो चारचारदा पाहायचा, कारण स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा विश्वासच नव्हता. हा तिप्पण्णा तिथलाच जुना रंगारी. आता घरी बसलेला, तरी हात कोपरापर्यंत निळे ते निळेच. त्यानं सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "दिव्याखाली बघितल्याला रंग खोटा असतोय, राव. भाईर उन्हात चला की."

मुलीला मात्र वेणीमाधवानं अजून नीट पाहिलंच नव्हतं. दहा दिवसांचं सोयर. तोवर बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही, बाळाला शिवायचं नाही. बायकोला, गोदावरीला, आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच, आणि ते करायला मंद्रूपहून त्याची दुर्गाआत्या आलेली. खोलीला एकच झरोका, त्यावर गोणपाट. आत शेगडी, ओव्याची धुरी आणि मिणमिणता कंदील. त्यानं उंबऱ्याशी उभं राहायचं आणि धुरातून दिसेल तेवढं पाहायचं. दोन वर्षांपूर्वीचा मुलगाही त्यानं असाच पाहिला होता. तो नवव्या दिवशी गेला. त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

"बघ, कशी केतकीसारखी पिवळी दिसतेय!" आत्या म्हणायची. हळद, डाळीचं पीठ आणि साय लावून ती रोज पोरीला चोळायची. "माझ्या हातची हळद आहे म्हटलं. बापासारखी बुक्का नाही राहणार ही."

पाचव्या दिवशी गोदावरीनं मुलीला उंबऱ्याकडे वळवून धरलं. मुलीनं जांभई दिली, डोळे किलकिले केले. वेणीमाधव बघत राहिला. मग चाचरत म्हणाला, "आत्या, तू हळद डोळ्यांतसुद्धा घालतेस का गं?"

"शहाणाच आहेस! डोळ्यांत कुणी हळद घालतं?"

"मग बुबुळाभोवती पिवळं कशानं झालंय?"

आत्यानं कंदील उचलून मुलीच्या डोळ्यांशी नेला.

दुपारी डॉक्टर येऊन गेले. "कावीळ आहे," ते म्हणाले. "काही मुलांची आपोआप उतरते, काहींची नाही. हळद बंद करा. दूध पाजत राहा. रंग चढतो की उतरतो ते मला रोज कळवा. तळपायापर्यंत आला तर लक्षण बरं नाही."

रंग चढतो की उतरतो. हे तर त्याचंच काम होतं. संध्याकाळी तो मिलमधून नमुन्यांचा एक जुना पुठ्ठा मागून घेऊन आला. पुठ्ठ्यावर पिवळ्या सुताचे सात पट्टे गुंडाळलेले, सायीपासून झेंडूपर्यंत, प्रत्येकाखाली नंबर. पण कंदिलाच्या उजेडात सातही पट्टे सारखेच दिसले.

सहाव्या दिवशी सकाळी आंघोळ करून तो उंबऱ्याशी आला. "दे तिला माझ्याकडे."

"वेणू! दहा दिवस झाले का?" आत्या उसळली. "आणि या थंडीत उघडी पोर बाहेर? वारा बाधेल तिला!"

"आत रंग कळत नाही, आत्या."

"अरे, सोयर आहे!"

"चारदा आंघोळ करीन." त्यानं हात पुढे केले. "पहिल्याला मी हातसुद्धा लावला नव्हता."

आत्या वाटेतून बाजूला झाली. गोदावरी भिंतीला धरून उठली आणि तिनं मुलगी त्याच्या हातांत दिली. ओल्या लडीपेक्षाही हलकी होती.

अंगणात त्यानं दुपटं पसरलं, मुलीला उघडी करून त्यावर ठेवलं. तिच्या पोटावरून एक लाल लाट गेली, मागोमाग निळी.

"थांबा थांबा, राव," ओट्यावरून तिप्पण्णा ओरडला. "हितं सुताची सावली पडतीया." मग सुनांकडे वळून, "ए, काढा की ती दोरी! लेकराचा रंग बघायचा हाय, सूत कशाला मधी?"

सूत बाजूला झालं आणि साधं, पांढरं ऊन मुलीवर पडलं. वेणीमाधवानं पुठ्ठा तिच्या छातीशी धरला. पाच नंबर. पुन्हा धरला. पाचच की सहा? दुसऱ्या कुणी एकदा पाहून तिला आत नेलं असतं. त्याचं मन भरेना. ऊन पायरीवर चढेपर्यंत तो पाहत राहिला.

"झालं का रे?" दारातून आत्या.

"एकदाच बघतो," तो म्हणाला, आणि दहादा पाहिलं.

सातव्या दिवशी तळपाय पिवळे झाले. पुठ्ठ्यावर सहा नंबर. मुलगी ओढून पिईना. गोदावरी दूध काढून बोंडल्यानं थेंब थेंब तिच्या ओठांत सोडायची आणि तिला गिळताना पाहायची. डॉक्टरांनी रंग ऐकून घेतला आणि पुन्हा एवढंच सांगितलं, दूध पाजत राहा. वेणीमाधव मिलमध्ये गेलाच नाही. सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी तो मुलीला घेऊन अंगणात बसायचा. बसल्या बसल्या त्याचा डोळा लागायचा. पिवळ्या पाण्याची एक नदी संथ वाहताना दिसायची, तिच्यात एक लडी सुटून चाललेली, आणि तो काठाकाठानं तिच्याबरोबर चालतोय. दचकून जागा झाला की तिच्या पोटावर हात ठेवायचा. हलतं ते तिचं पोट की आपला हात, हे त्याला कळायचं नाही.

नवव्या दिवशी त्यानं पुठ्ठा धरला आणि त्याला काहीच उमगेना.

"तिप्पण्णा, तुम्हीच बघा. मला पाच वाटतोय, पण माझं काही खरं नाही."

तिप्पण्णा सावकाश खाली आला, उकिडवा बसला. निळ्या बोटांनी पुठ्ठा फिरवत राहिला.

"पाच? कुटलं पाच! चार हाय. लई तर चार." मग त्यानं वर पाहिलं. "आदी डोळं पुसा, राव. पाण्यातनं रंग दिसत न्हाय."

तेवढ्यात मुलीनं मुठी आवळल्या आणि ती रडली. भुकेचं, रागाचं, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं. आतून गोदावरी धावत आली. आत्या तिच्यामागून, "अगं, पळू नकोस, टाके..." म्हणता म्हणता स्वतःच डोळ्यांना पदर लावून उभी राहिली.

हळद थांबली म्हणून, की दूध पोटात गेलं म्हणून, की ती बरी व्हायचीच होती, डॉक्टरांना ते सांगता आलं नाही. तो तिला रोज उन्हात ठेवत होता, त्या उन्हाचं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही.

बाराव्या दिवशी बारसं. पाळण्याला फुलं बांधणं चाललं होतं. वेणीमाधवानं नेहमीसारखं दुपटं पसरलं, मुलीला उन्हात ठेवलं. पुठ्ठ्यावरचा कुठलाच पिवळा आता तिच्याशी जुळत नव्हता.

"आता काय बघतोस रे?" आत्यानं विचारलं. "उतरला ना रंग?"

"उतरला."

पुठ्ठा त्यानं खाली ठेवला, तरी तो उठला नाही. इतके दिवस त्यानं तिचा रंगच पाहिला होता. चेहरा पाहायचा राहून गेला होता. हनुवटी गोदावरीची होती. डाव्या कानाशी एक बारीक तीळ होता. तो वाकला आणि अगदी पहिल्यापासून, सावकाश बघू लागला.