निळ्या दाराची कडी

मी एक जुनी पितळी कडी आहे. आतल्या खोलीच्या दाराला, आतून लावायची. मित्रांनो, कडीचं आयुष्य ऐकायला कोण बसतंय, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं, आणि त्या वाटण्यानेच पुढे घात केला.

मला इथे बसवलं ते या घरातल्या आजोबांनी. ते सुतार होते. दार एका बाजूने जरा खाली बसलेलं, त्यामुळे माझी एक खोड होती. आधी दार खांद्याने किंचित वर उचलायचं, मग मला सरकवायचं, तेव्हा कुठे मी चौकटीतल्या भोकात शिरायचे. पाहुणे घामाघूम व्हायचे. घरच्यांना मात्र डोळे मिटून जमायचं.

माझ्याआड कोण रडलं, कोण रुसून बसलं, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आजही सांगणार नाही. फक्त खारूताईची एक गोष्ट सांगते, कारण ती आता सगळ्या जगाला ठाऊक झाली आहे.

खारूताई म्हणजे आजोबांची नात, दहा वर्षांची. हे तिचं लाडाचं नाव. ती बोलताना अडखळते, त्यातून शब्द ‘प’चा असला की जास्तच. शाळेच्या कार्यक्रमात एक पान मोठ्याने वाचायचं तिने मनाशी ठरवलं होतं. शाळेतून आली की ती मला लावायची आणि आरशासमोर उभी राहून वाचायची. एक मी सोडले तर कुणाला पत्ता नव्हता.

अशात घरात कॅमेरे आले. टीव्हीवरचा कार्यक्रम होता तो. चाळीस दिवस घरातलं सगळं जगाला दाखवायचं आणि लोकांना आवडेल त्या कुटुंबाला बक्षीस म्हणून दुकान. खारूताईची आई कपडे शिवते, तिला दुकानाची फार आस. वडिलांनी सही केली. खारूताईने मात्र अट घातली, की आतली कडी लावली तर तिथला कॅमेरा बंद झाला पाहिजे. कार्यक्रमाचे साहेब, ते टोपीवाले, कबूल झाले. त्यांनी चौकटीच्या भोकात तार बसवून घेतली. मी आत शिरले की कॅमेऱ्याचा लाल दिवा विझायचा.

म्हणजे खरं तर मीच त्याच्यावर वरचढ. पण विचारतो कोण? आई रोज सकाळी त्याला मऊ फडक्याने पुसायची. मला बारा वर्षांत तेलाचा थेंब नाही! शेजारीण आली की पहिला प्रश्न, कॅमेरा कुठाय? मग सगळ्यांनी त्याच्याकडे बघून केस सारखे करायचे. काल आलेला हा काळा ठिपका, कपाटावर बसून नुसता टकामका बघतो, आणि त्याचे एवढे लाड! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा, फक्त एकदा, मलाही कुणीतरी बघावं, असं मला वाटायला लागलं.

तेही झालं. टोपीवाल्यांना दार मळकट दिसायला लागलं. रंगारी आला. आधी कडी काढायची आणि मग दार रंगवायचं, ही कामाची रीत. पण त्याला घाई. त्याने दारावरून ब्रश मारला तो माझ्यावरूनही मारला, चांगले दोन हात. मी निळीशार झाले. त्याच संध्याकाळी बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर मी दिसले. काय सांगू, मला आभाळ ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी खारूताई आली. तिने दार उचललं, मला सरकवलं. मी नखभर हलले आणि वाळलेल्या रंगात अडकले. दारही नव्या रंगाने घट्ट बसलं होतं. तिने ओढून पाहिलं, ते उघडलं नाही. तिला वाटलं, लागली कडी. लाल दिव्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, इतका तिचा माझ्यावर विश्वास. ती वाचायला लागली.

आणि मी? मी आरशात माझा निळा रंग बघत होते.

रविवारी तिचं वाचन टीव्हीवर दाखवलं. प्रत्येक अडखळण्यावर हसण्याचा आवाज घातला होता. सोमवारी शाळेतली मुलं तिच्यासारखी बोलून दाखवत होती. खारूताईने बोलणंच सोडलं. शाळेच्या कार्यक्रमातलं नावही काढून घेतलं.

चौथ्या दिवशी टोपीवाले आले, खूश होते. “ताई, पोरीचं वाचन लोकांनी डोक्यावर घेतलंय. रोज थोडं होऊ द्या. दुकान तुमचंच समजा.”

आईने वडिलांना सांगितलं, साहेबांना दारापर्यंत सोडून या. शिलाई मशीनची तेलाची बुधली घेतली, शिवण उसवायचं पातं घेतलं आणि माझ्यावरचा रंग खरवडायला बसली. माझा निळा रंग पापुद्र्यांनी खाली पडत होता. मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही. मग तेल आलं, बारा वर्षांनी.

आईने मुलीला आत घेतलं, दार उचललं, मला सरकवलं. लाल दिवा विझला.

“आई,” खारूताई चार दिवसांनी बोलली, “प-पक्की लागली का?”

आईने दार दोनदा ओढून दाखवलं.

दुकान मिळालं नाही. कॅमेऱ्याच्या जागी आता खिळ्याची दोन भोकं आहेत. मी अर्धी निळी, अर्धी पितळी, अशी ओबडधोबडच राहिले. मित्रांनो, तुमच्या घरातल्या कडीला वर्षातून एकदा तेल घाला. आणि बंद दाराशी आलात, तर टकटक करून थांबा.

आता त्या दिवशी माझ्याआड खारूताईने वाचलं की ती रडली, आई तिला काय म्हणाली, हे तुम्हाला ऐकायचं असेल. मी सगळं ऐकलं आहे. पण ते मी सांगणार नाही.