कालव्यातला ठिपका

घरातून न सांगता निघून गेलेल्या बाबांच्या गळ्यातल्या, जागा कळवणाऱ्या यंत्राचा ठिपका फोनवर थेट कालव्याच्या पाण्यात दिसत होता.

"पाण्यात गं!" शेजारची मावशी ओरडली. "पळ आधी!"

पण लेक पळाली नाही. ती जमीन मोजणारी, आणि मोजणी तिला शिकवली बाबांनीच. आता बाबांना लेकीची ओळखही उरली नव्हती. त्यांचा धडा मात्र तिला तोंडपाठ होता. उपग्रहाचा संदेश आपली निघायची वेळ सांगत येतो. तो पोचायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं. तीन उपग्रहांची अंतरं जुळली की जागा सापडते. मग चौथा कशाला? "आपलं घड्याळ स्वस्तातलं, चुकलं की त्याचा कान धरायला!" बाबा हसून सांगत. आणि उंच भिंतींपासून जपायचं. भिंतीवर आपटून आलेला संदेश उशिरा पोचतो, यंत्राला उपग्रह लांब वाटतो, नि ठिपका भलतीकडे सरकतो.

कालव्याकाठी काचेच्या उंच इमारती होत्या.

"ठिपका खोटा आहे, मावशी. बाबा इमारतींमागच्या बोळात असणार."

"तुझं शहाणपण राहू दे, बघून तरी ये!"

लेकीने बोळ पालथा घातला. जिने पाहिले, दारं ठोठावली. दिवस कलला तेव्हा कुठे एका नावाड्याची हाक आली. पाण्यात लांबवर गेलेल्या, नकाशात नसलेल्या लाकडी धक्क्याच्या टोकाला बाबा उभे होते. अंगात नुसता सदरा, ओठ निळे पडलेले. कामावर असताना करत तसंच त्यांनी यंत्र मोकळ्या आभाळाखाली आणलं होतं आणि ते दोन्ही हातांनी वर धरलं होतं.

गारठा बाबांच्या छातीत उतरला. दवाखान्यात डॉक्टरांनी आशा सोडली, त्या दुपारी बाबांनी डोळे उघडले.

"बाई, जागा मिळाली का?"

"मिळाली. यंत्र बरोबर सांगत होतं. मीच ऐकलं नाही."

"वर आभाळ मोकळं होतं. मग शंका कसली?" त्यांना धाप लागली. "आधी जागेवर जाऊन बघावं, मग चूक काढावी. कोणी शिकवलं गं तुला?"

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते दिलं असतं, तर बोल शिकवणाऱ्याला लागला असता.

"शिकवणारे फार चांगले होते," ती म्हणाली, आणि त्यांचा तापलेला हात धरून बसून राहिली.