घड्याळाची खूण

आष्ट्याच्या उसाच्या गारव्यातनं क्रांतीबाई जतच्या माळावरच्या शाळेत आल्या, त्याला दोनच महिने झाले होते. आज केंद्रप्रमुख लालासाहेब मूल्यशिक्षणाचा तास बघायला येणार होते. माझी पोरं सापडलेली वस्तू आपणहून आणून देतात, असं बाईंनी त्यांना फोनवर छातीठोक सांगून ठेवलेलं. म्हणून सकाळी त्यांनी स्वतःचंच घड्याळ मुद्दाम नळापाशी टाकलं.

साहेब आले. आल्या आल्या, पेन्सिली चावू नका, असं पोरांना बजावलं. मग बाईंनी विचारलं, कुणाला काही सापडलं का? वर्ग चिडीचूप. साहेबांनी वहीत लिहिलं, 'प्रामाणिकपणा : सुधारणेस वाव', आणि पेन टेबलावर ठेवलं. 

तेवढ्यात वीरधवल उठला. त्याचे वडील फौजेत. बेवारस वस्तूला हात लावायचा नाही, ही घरची शिस्त. त्यात ह्या वस्तूचा तर काटा हलत होता, म्हणजे बॉम्बच. त्यानं भोवती दगडांचं कडं केलं, पोरांना लांब हटवलं, पण ही सोनम कडं मोडून आत घुसली, अशी त्याची तक्रार.

सोनम धनगराची. कळपात परकं मेंढरू आलं तर उघड्यावर सोडायचं नाही, भलत्याच्या हाती द्यायचं नाही. मालक येऊन खूण सांगेपर्यंत आपल्यात सांभाळायचं. घड्याळ तिच्या ओढणीच्या गाठीत सुखरूप होतं.

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"सापडलं कुठं, बाई? चुकलंय त्ये. मालक यायचा हाय."

"माझंच आहे ते."

"खूण सांगा."

"गोल. सोनेरी काठाचं."

"गोल समदीच असत्यात. पांढरं हाय म्हणून मेंढरू आपलं हुतं व्हय?"

बाई गडबडल्या. मग आठवलं. लेकीचं मनगट चिमणीच्या पायासारखं, म्हणून त्यांच्या आईनं तापल्या सुईनं पट्ट्याला एक जादा भोक पाडलेलं. सांगताना त्यांचा आवाज ओला झाला. सोनमनं गाठ सोडली, मेंढीचा कान चाचपावा तसं भोक चाचपलं आणि घड्याळ बाईंच्या हातावर ठेवलं.

लालासाहेब पोट धरून हसले. शेरा खोडायला त्यांनी टेबलावर हात फिरवला, तर पेन नाही. खुर्चीखाली वाकून बघितलं, तिथंही नाही. सोनम ओढणीची दुसरी गाठ धरून उभी होती.

"माझंच हाय की गं."

"खूण सांगा, सर."

साहेबांनी एकदा वर्गाकडं बघितलं, एकदा बाईंकडं. मग वाकून तिच्या कानात काहीतरी पुटपुटले.

सोनमनं पेन उजेडात धरून नीट पारखलं.

"व्हय," ती म्हणाली. "टोपान चावल्यालं हाय."