गालाशी धरलेला ठोकळा

राधाच्या उजव्या कानामागे, केसांत, नाण्याएवढं एक चुंबक चिकटतं. त्याच्या जोडीचं दुसरं आत, कातडीखाली आहे. ती दोन वर्षांची असताना ऑपरेशन करून बसवलेलं. बाहेरचं यंत्र आवाज पकडतं आणि आत पाठवतं. राधा आता साडेतीन वर्षांची आहे, पण तिला ऐकू यायला लागून दीडच वर्ष झालंय. "म्हणजे कानांनी ती अजून दीड वर्षाचीच, घाई करू नका," असं दर्शना मॅडम म्हणतात. दर शनिवारी आम्ही त्यांच्याकडे शीवला जातो. तिथे राधा ऐकायला शिकते आणि मी घाई न करायला. तिची प्रगती जास्त आहे.

घरचा अभ्यास रोज चार वाजता. त्यासाठी मॅडमनी पेन ड्राइव्हवर एक प्रोग्राम दिलाय. राधा लॅपटॉपकडे पाठ करून बसते, माझ्याकडे तोंड. हातात लाकडी ठोकळा, पुढ्यात श्रीखंडाचा रिकामा डबा. ठोकळा गालाशी धरून थांबायचं, आवाज आला की डब्यात टाकायचा. कुठला आवाज वाजतोय त्याचं चित्र मला पडद्यावर दिसतं. कुत्रा, घंटा, रिक्षा. माझं काम एवढंच, की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

आमच्या घोडपदेवच्या चाळीत खाली लोखंडी पट्ट्या कापायचं दुकान आहे. त्या करकरीत अभ्यास कसला होणार? म्हणून मॅडमनी एक वायर दिली. तिचं एक टोक लॅपटॉपला, दुसरं राधाच्या यंत्राला. आवाज थेट तिच्या कानात जातो, मला काहीच ऐकू येत नाही. मी फक्त चित्र बघायचं आणि ठोकळा बघायचा.

रविवारी विकासने, माझ्या नवऱ्याने, लॅपटॉपवर नवीन सिस्टम टाकली. "किती रडायचा बिचारा! आता बघ, पळेल."

पळालाही. सोमवारी चार वाजता प्रोग्राम एका झटक्यात उघडला. चित्रं तर आधीपेक्षा छान दिसत होती. कुत्रा आला. राधाने ठोकळा गालाशी धरलेला. कुत्रा गेला, घंटा आली, रिक्षा आली. ठोकळा तिथेच.

मला वाटलं, कंटाळली असेल. यंत्राची बॅटरी बदलली, वायरचं टोक पुसलं. वीस चित्रं झाली. डब्यात एकही ठोकळा नाही.

मी सगळं वहीत लिहिते. किती वाजता, किती आवाज, किती बरोबर. सोमवारी लिहिलं, वीसपैकी शून्य. मंगळवारीही शून्य.

ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं, क्वचित कधी आतला भाग बंद पडू शकतो. मग तो काढून नवा बसवावा लागतो. बाकी सगळं मी विसरले असेन, पण तो 'क्वचित' नाही विसरले. मंगळवारी राधाचे केस विंचरताना माझा हात सारखा त्या जागेवर जात होता. मागच्या वेळी अर्धं डोकं भादरलं होतं. आत्ता कुठे दोन इवल्या शेंड्या येतायत.

तसं घरात हाक मारली की ती वळायची. कधी वळायची नाही, पण त्यात ती बापावर गेलीये. समोरून बोललं तर उत्तरही द्यायची. पण समोरून काय, ती ओठ वाचते. आणि वळली तर मला वाटायचं, जमीन हलल्याचं जाणवलं असेल, सावली दिसली असेल. भीती एकदा घरात शिरली की तिला कुठलाच पुरावा पटत नाही.

विकास संध्याकाळी विचारायचा, "झाला अभ्यास?"

"झाला."

मी त्याला सांगितलं नाही. बोलले असते तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी मनात होतं.

बुधवारी चार वाजता पुन्हा बसलो. सासूबाई दाराशी मेथी निवडत होत्या. कुत्रा आला, ठोकळा गालाशी. घंटा आली, ठोकळा गालाशी. राधा माझ्याकडे इतकं मन लावून बघत होती, की मला ते सहन होईना. रिक्षा आली तेव्हा मी लबाडी केली. भुवया उंचावल्या आणि डब्याकडे बघितलं.

तिला ते बरोबर कळलं. हात हळूच डब्यापर्यंत गेला. एक क्षण थांबला. मग तिने ठोकळा परत गालाशी नेला आणि दुसरा तळवा माझ्यासमोर उघडा केला. बिस्किटांचा पुडा संपला की आम्ही करतो, तशी खूण. संपलं. नाही.

"नीट ऐक ना गं!" मी ओरडले.

माझा चेहरा बघून तिचे डोळे भरले. मी उठले, तिच्या मागे गेले आणि हाक मारली. "राधा!" मग आणखी मोठ्याने. "राधा!" ती वळली नाही. ठोकळा गालाशी धरून, मी जिथे बसले होते त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

"नम्रता," सासूबाई त्यांच्या मालवणीत म्हणाल्या. मेथीतून मान वर न काढता. "अगो, ता चेडू तीन दिवस सांगता हा तुका, आवाज येणा नाय म्हणान. तू आयकतंस खंय?"

"आई, तेच तर! तिला येत नाहीये ऐकू!"

"तिका येणा नाय, की तुझ्या पेटीतून येणा नाय? तू आयकून बघितलंस?"

मी ऐकून बघितलं नव्हतं. तीन दिवस मी लेकीवर, तिच्या डोक्यातल्या चुंबकावर, माझ्या नशिबावर संशय घेतला होता. चित्रांवर मात्र एकदाही घेतला नव्हता.

मी वायरची दोन्ही टोकं ओढून काढली. त्याच क्षणी राधा दचकली, कानावर हात ठेवला आणि जमिनीकडे बोट दाखवलं. खाली पट्टी कापत होते. पडद्यावर कुत्रा तोंड उघडून भुंकत होता, आणि लॅपटॉपमधून काही म्हणजे काही येत नव्हतं. मी आवाज पूर्ण वाढवला. यूट्यूबवर एक बडबडगीत लावलं, ते दणकून वाजलं. पुन्हा प्रोग्राम उघडला. घंटा डोलत होती. मुकी.

मी तशीच जमिनीवर बसले आणि विकासला फोन लावला. आधी रडू आलं, मग सगळं सांगितलं.

"अगं, जुना प्रोग्राम तो," तो म्हणाला. "त्याच्या आवाजाच्या फाइली नव्या सिस्टमला झेपत नसणार. चित्रं दाखवतो आणि आवाज गिळतो. चूक झाली म्हणून सांगायचं तरी ना साल्याने!" आणि मग, "तीन दिवस एकटीच घाबरत होतीस? मला नाही सांगायचं?"

"तुझीच तर सिस्टम."

"बरं बाई. आज येऊन जुनी टाकतो."

दर्शना मॅडमना फोन केला तर त्या आधी म्हणाल्या, "वायर लावली की बाहेरचा माइक बंद होतो. तुम्ही मागून कितीही ओरडा. सांगितलं होतं ना?" सांगितलं होतं. वहीच्या पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात आहे.

मग त्यांनी विचारलं, "तीन दिवसांत तिने एकदा तरी ठोकळा टाकला?"

"एकदाही नाही."

"तुम्ही खुणावलंत तरी?"

त्यांना कसं कळलं, देव जाणे.

"सगळ्याच आया खुणावतात हो," त्या हसल्या. "आणि आईला खूश करायला पोरं टाकतातही. हिने नाही टाकला. नसलेला आवाज नाही म्हणून सांगणं, हे शिकवायला आम्हाला महिने लागतात."

फोन ठेवला. वही उघडली, दोन्ही शून्यं खोडली आणि पुढे वीसपैकी वीस लिहिलं. दोनदा. बुधवारपुढे, तीनपैकी तीन.

राधा अजून फुरंगटून बसली होती. मी तिच्यापुढे बसले, तिच्या हातातून ठोकळा घेतला आणि माझ्या गालाशी धरला. तिला एक वाटी आणि चमचा दिला. मग तिच्याकडे पाठ केली.

बराच वेळ काही नाही. मग टण्ण! मी ठोकळा डब्यात टाकला. मागे खुदकन हसू. पुन्हा टण्ण. पुन्हा ठोकळा. तिसऱ्या वेळी शांतता लांबत गेली. खालचं दुकानही नेमकं थांबलेलं. माझा हात शिवशिवायला लागला. आता वाजवेल, आता वाजवेल, असं म्हणता म्हणता मला वाजल्यासारखंच वाटलं आणि मी ठोकळा टाकून दिला.

"नाय!" राधा ओरडली. गुडघ्यांवर रांगत पुढे आली, डब्यातून ठोकळा काढून माझ्या गालाशी घट्ट दाबून धरला. "आई, आवाज नाय. थांब."

मी थांबले.